डावीकडची सीट

व्लादिवोस्तोक, ८ फेब्रुवारी २००९

अर्कादी,

गाडी ताब्यात घेतली. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू हसतोस, आणि तू हसलास की माझं बोलणं मलाच भांडकुदळ वाटायला लागतं. म्हणून लिहिते. जपानच्या फुशिकी बंदराला जाणाऱ्या बोटीवरची आचारीण नादेज्दा हे पत्र तिथं तुझ्या हातात देईल. वाच आणि मग हस.

वालेराच्या यार्डात सकाळी गेलो, मी आणि आपली अग्निया. तुझा हा मित्र सहा वर्षांत जाडजूड झालाय, बाकी तसाच आहे. गाडीवरची ताडपत्री त्यानं अशी ओढली, जशी नवरीच्या तोंडावरची ओढणी. अग्नियानं नुसता बॉनेटवर हात ठेवला. वीस वर्षांची पोरगी, दोन हिवाळे दुसऱ्यांच्या गाड्या बर्फावर फिरवून शिकली, आणि आता तिची स्वतःची दोन दारांची, टर्बोची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी. तिचा चेहरा तू बघायला हवा होतास. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. म्हणजे, थोडासा टोमणा आहेच.

आता दोष. डावीकडची काच अर्ध्यावर अडते. डिकी दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. पुढचा पांढरा रंग दुधासारखा आहे, मागचा दह्यासारखा. ढगाळ हवेत कळत नाही, ऊन पडलं की कळतं. डाव्या सीटच्या पायाशी गालिचा ओला आहे आणि आत तळघरासारखा वास येतो. मी हे एकेक वालेराला दाखवत गेले. तो म्हणाला, "झोया पाव्लोव्हना, ही गाडी आहे, विद्यार्थ्याचा पेपर नाही. लाल पेन पर्समध्ये ठेवा." अग्निया हसली. मीही हसायला हवं होतं, पण मला आलं नाही.

मग कागद बघितले. कागदावरची गाडी खऱ्या गाडीपेक्षा सात वर्षांनी म्हातारी आहे. मी इथंच वाढलेय, मला सांगू नकोस की असं का होतं. जानेवारीत नवी जकात आली तेव्हापासून सगळं बंदर जुन्या कागदांवर नव्या गाड्या चढवतंय. वालेराचं म्हणणं, कुणीतरी कुठंतरी तरुण होतंय याचा आनंद माना. मी त्याला सरळ विचारलं, ही करवतीतली आहे का? जपानमध्ये मधोमध कापून, जकात चुकवायला सुटे भाग म्हणून आणून, इथं पुन्हा वेल्डिंगनं जोडलेली? त्यानं खांदे उडवले. अर्कादीला विचारा म्हणाला.

अग्नियानं तिथूनच तुला फोन लावला. तू तिला जे सांगितलंस ते मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि घरी येऊन डायरीत लिहून ठेवलं: "इंजिन आणि चाकं उतरवून आणली, बाळा. सांगाडा अख्खा आहे. तुझ्यासाठी मी कापलेली गाडी पाठवेन का?"

ठीक आहे. मी विश्वास ठेवते. खरं म्हणजे ठेवत नाही, पण ठेवण्याचा प्रयत्न करतेय आणि तो प्रयत्न मला जड जातोय, एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं. २६ एप्रिलला शहराबाहेरच्या ट्रॅकवर तिची पहिली खरी ड्रिफ्ट स्पर्धा आहे. बर्फावर नाही, डांबरावर. वळणाच्या बाहेरच्या अंगाला काँक्रीटची भिंत आहे, आणि गाडी आडवी सरकवत त्या भिंतीच्या जितकी जवळ न्याल तितके गुण जास्त. सगळा खेळच असा आहे. काच अडकली तर अडकू दे. बाकी मला काही नको.

झोया


२२ फेब्रुवारी

अर्कादी,

गेल्या रविवारी मी खाडीच्या बर्फावर गेले होते. मासे धरणारे म्हातारे आपापल्या भोकांपाशी बसलेले, आणि त्यांच्या पलीकडे ही पोरं. अग्नियानं गाडी आडवी घातली आणि एकामागून एक अशी वर्तुळं काढली की एका म्हाताऱ्यानं गळ खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. सुंदर होतं ते. हे मी तुला सांगणार नव्हते, पण ज्या पत्रात मी तुझ्यावर आरोप करणार आहे त्यात खरं काय ते सगळंच असायला हवं.

आरोप असा. गालिचा वाळेना. रोज फडक्यानं टिपायचा, रोज पुन्हा ओला. मी म्हटलं, पाणी कुठून येतंय ते तरी बघू. म्हणून गाडी लिगायच्या गॅरेजात नेली. तू त्याला ओळखत नाहीस, तू गेल्यावर तो आमच्या टेकडीखाली आला. कोरियन आहे, पस्तिशीचा, बोलका, आणि वेल्डिंगवर त्याचं प्रेम आहे. त्यानं दोन्ही सीट काढल्या, गालिचा उचलला, खालचं डांबरी आवरण खरवडलं आणि उकिडवा बसून राहिला. मला वाटलं, वाईट बातमी सांगायला शब्द शोधतोय.

"काय हात आहे माणसाचा," तो म्हणाला. "बघा तरी, झोया पाव्लोव्हना. सासूनंसुद्धा नावं ठेवू नयेत अशी शिवण."

सीटांच्या मागून, गाडीच्या तळावरून आडवी, एका दरवाज्याखालून दुसऱ्या दरवाज्याखालपर्यंत. बोटभर रुंद, वर राखाडी रंग फासलेला. तशीच पुढे काचेच्या दोन्ही खांबांवर. पुढचा अर्धा खालून गंजलेला, कारण तो बर्फाच्या प्रदेशात, बर्फ वितळायला मीठ टाकतात तशा रस्त्यांवर राहिलाय. मागच्या अर्ध्याला गंजाचा ठिपका नाही. दरवाज्याच्या आत तेल बदलल्याचा कागद चिकटवलाय तो आओमोरीच्या गॅरेजचा. मागच्या काचेवर कागोशिमाच्या दुकानाचं नाव आहे. मी जपानी शिकवते, अर्कादी. पुढचा भाग जपानच्या उत्तर टोकाचा आणि मागचा दक्षिण टोकाचा, हे वाचायला मला चष्माही लागत नाही. तू तिला कापलेली गाडी पाठवली नाहीस. दोन कापलेल्या पाठवल्यास.

मी लिगायला म्हटलं, मला हा माणूस खोटारडा आहे एवढंच कळतंय, शिवणीचं कौतुक नको. तो म्हणाला, इतकं काय मनाला लावून घेता, शहरातली अर्धी पोरं करवतीतल्या गाड्यांवर फिरतात, आणि उरलेल्या अर्ध्यांना माहीत नाही एवढंच. हेच मला सहन होत नाही. जो तो असा बोलतो, जणू गाडी मुळात दोन तुकड्यांतच बनते आणि अख्खी येते ती श्रीमंतांची चैन. मी विचारलं, तुमची मुलगी असती तर या गाडीत भिंतीशेजारून जाऊ दिली असती का? बर्फावर हो, तो म्हणाला, तिथं सांगाड्यावर ताण येत नाही. आणि काँक्रीटच्या भिंतीशेजारी? त्यानं हातमोजे काढले, घातले, पुन्हा काढले.

"मला मुलगी नाही," तो म्हणाला.

अग्नियानं गॅरेजातूनच तुला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पुढचं तुला माहीत आहे. मी फक्त तू विसरू नयेस म्हणून लिहिते. तू म्हणालास, ती कारखान्यातली शिवण आहे. तू म्हणालास, "तुझी आई रेल्वेच्या रुळातसुद्धा भेग शोधेल." आणि हसलास. लिगाय खाली बघत होता. त्यानं काही म्हटलं नाही, आणि त्याचा मला तुझ्याइतकाच राग आला.

बसमधून घरी येताना अग्निया म्हणाली, "तुला बाबा आवडत नाहीत म्हणून तुला त्यांची गाडीही आवडत नाही."

हे वाक्य मी डायरीत उतरवलं आणि त्याखाली, खरं आहे का, असं लिहिलं. काचेबाबत, डिकीबाबत, रंगाबाबत: हो, खरं आहे. तुझ्याकडून आलेली सोन्याची गाडी असती तरी मी कसोटीचा दगड घेऊन बसले असते. या जोडाबाबत: नाही. सहा वर्षं मी तुझ्यात इतक्या उणिवा काढल्या की आता खरी सापडली तर माझीच मुलगी माझं ऐकत नाही. ही माझी कमाई. पण त्याची किंमत तिनं का द्यावी?

तुझं ती ऐकते. म्हणून तू सांग. माझ्यासमोर कबूल होऊ नकोस, मला तुझी कबुली नको. तिला एकटीला फोन कर आणि सांग की भिंतीशेजारी ही गाडी नेऊ नकोस.

झोया


१० मार्च

अर्कादी,

आठ मार्चला, महिला दिनाला, तुझी फुलं आली. पिवळी, दरवर्षीचीच. वालेरानं आणून दिली आणि दारात उभा राहून माझ्या तब्येतीची चौकशी केली. अग्नियाला तू फोन केलास, सणाच्या शुभेच्छा दिल्यास, स्पर्धेसाठी कुठले टायर घ्यायचे ते सांगितलंस. दुसरं काही सांगितलं नाहीस.

तेव्हा मी ठरवलं की तिला पुरावा दाखवायचा. लिगायनं मला समजावलं होतं की कारखान्याची शिवण कशी असते आणि हाताची कशी. कारखान्यात ठिपके ठिपके असतात, ओळीनं, आणि गाडीच्या तळावरून आडवी अशी एक सलग रेघ कधीच जात नाही. मी म्हटलं, शिक्षकाचं काम आहे हे: चुकीच्या शेजारी बरोबर ठेवायचं, मुलं आपोआप शिकतात. बरोबर गाडी माझ्याकडे होतीच. तू जाताना ठेवून गेलेली करडी. किल्ली टेबलावर ठेवून तू म्हणाला होतास, बाकी काही असो, ही अख्खी तुझी.

काल दुपारी अंगणात अग्नियाला बोलावलं. मी मागची सीट उचलली. वाक्यसुद्धा तयार होतं: बघ, अशी असते न कापलेली. गालिचा ओढला. पक्का चिकटलेला होता, सुरीनं सोडवावा लागला. खाली डांबरी आवरण. ते मी स्वतः, माझ्या हातानं खरवडलं.

मी वाक्य म्हटलंच नाही.

तीच रेघ, अर्कादी. तितकीच रुंद, तसलाच राखाडी रंग. लिगायची सासू हिला मात्र नावं ठेवेल, ही मधे मधे वेडीवाकडी झालीय. तेव्हा तुझा माणूस शिकाऊ असेल. उरलेल्या अर्ध्यांना माहीत नाही, असं लिगाय म्हणाला होता ना, ते मला उद्देशून होतं, फक्त त्यालाही ते ठाऊक नव्हतं.

अग्निया हसायला लागली. दुष्टपणानं नाही, खरंच पोट धरून. मग डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे टिकते ना, आई. सहा वर्षं टिकली."

तिचं लगेच पटण्यासारखं आहे, आणि मला जे म्हणायचंय ते पटवायला गाडी मोडावी लागेल. मी सुरी घेऊन अंगणात उभी, शेजारची बाई खिडकीतून विचारतेय की गालिचे धुताय का, आणि तुझी मुलगी तुझा विजय झाला म्हणून हसतेय.

आता मी काय काय आठवलं ते ऐक. माझ्या आईला छातीत दुखायला लागलं तेव्हा मी तिला याच गाडीत घालून उसूरिस्कहून आणलं, जानेवारीत, हिमवादळात, मालट्रकांच्या मधून. अग्निया चौदा-पंधरा वर्षांची असताना दर शनिवारी मागच्या सीटवर आडवी होऊन झोपायची. तिचं डोकं कुठं असायचं ते मी काल हात ठेवून बघितलं. बरोबर त्या रेघेवर. टेकडीवरून उतरताना गाडीतून एक बारीक किर्र आवाज यायचा. मी तुला फोनवर विचारलं होतं. तू म्हणालास, प्लास्टिक आहे, थंडीत बोलतं.

टिकली. हे तुझ्या बाजूचं आहे आणि मी ते लिहून ठेवते. कदाचित अजून सहा वर्षं टिकली असती. पण टिकेल असं सांगून तू ती दिली नव्हतीस. अख्खी आहे असं सांगून दिली होतीस. टिकेल का, हा प्रश्न तू आमच्यापर्यंत येऊच दिला नाहीस. तो एकट्यानं सोडवलास, तिकडे जपानात तोयामाला बसून, ज्या रस्त्यावर तू नव्हतास त्या रस्त्यासाठी. तू कंजूष नाहीस. तू वाईटही नसशील. कुणी मरेल असं तुला वाटलं नाही, म्हणून तू विचारच सोडून दिलास, आणि त्यालाच तू आशावाद म्हणतोस. मी बावीस वर्षं तुझ्या आशावादाखाली गालिचे पसरतेय.

"तू खोटं बोललास" असं मी आधी लिहिलं होतं. मग वाटलं, करडीबाबत तुला स्वतःलाही माहीत नसेल, तुलाही कुणी फसवलं असेल. म्हणून खोडलं. मग आठवलं की तेव्हा वालेराबरोबर गाड्या जोडायच्या धंद्यात तूच होतास. पुन्हा लिहिते: तू खोटं बोललास.

आता मी बसनं जाते. करडी अंगणात उघडीच पडलीय, आतून सोललेली. अग्नियाचा सराव चालू आहे. सत्तेचाळीस दिवस आहेत असं ती सांगते. मी मोजत नाही. तिला खरं सांग.

झोया


२९ मार्च

अर्कादी,

तुझं पत्र आलं. सहा ओळी. त्यातल्या चार जकातीबद्दल. मला जकात समजते, धन्यवाद. अख्खी आणली असती तर परवडली नसती, हे मला पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी तुझा हात हातात घेऊन म्हटलं असतं, नको मग. अग्निया अजून एक वर्ष दुसऱ्यांच्या गाड्यांवर शिकली असती.

पण शेवटची ओळ तू तिच्यासाठी लिहिलीस आणि ती बरोबर जागी पोचली. "मी स्वतः त्या गाडीत डोळे मिटून बसेन." तिनं ती ओळ कापून फ्रिजवर लावलीय. रोज दूध काढताना मी ती वाचते.

परवा वाचता वाचता म्हटलं, बसू दे की. सरावाच्या फेऱ्यांना ट्रॅकवर शेजारी माणूस बसवू देतात. उजवीकडे ती, स्टीअरिंगवर. डावीकडची सीट रिकामी असते. मी अग्नियाला म्हटलं, बाबांनी लिहिलंय ना, मग पहिली फेरी त्यांना घेऊन मार. ते बसले तर मी यापुढे तोंड उघडणार नाही, भिंतीपाशी उभी राहून टाळ्या वाजवेन. ते बसेपर्यंत तू डांबरावर जायचं नाहीस. तिला हे इतकं सरळ वाटलं की तिनं माझ्या हातावर टाळी दिली. तिच्या मनात शंकाच नाही. तिच्या मनात शंका नाही हे बघून मला तुझा किती राग आला, ते लिहायला शब्द शोधले. जे सापडले ते छापण्यासारखे नाहीत.

तू फोनवर हो म्हणालास. लगेच, जराही न थांबता. पंचवीस एप्रिलच्या बोटीनं येतोस, सव्वीसला ट्रॅकवर. ती तेव्हापासून गाणी म्हणत हिंडतेय.

हे पत्र फक्त एवढ्यासाठी: मी तुला सापळ्यात पकडतेय असं समजू नकोस. म्हणजे, पकडतेच आहे, पण त्यातून सुटायची वाट तुझ्याच हातात आहे आणि ती सोपी आहे. दोन रस्ते आहेत. त्या जोडावर तुझा खरोखर भरवसा असेल तर ये आणि बस. नसेल तर तिला सांग. तिसरा रस्ता ठेवलेला नाही. तू तिसरे रस्ते काढण्यात हुशार आहेस म्हणून आधीच सांगते.

लोक येतात तेव्हा घर आवरावं लागतं, म्हणून आवरतेय. नेच्याची भाजी खारवून ठेवलेली आहे, तुला आवडते ती. काल दुकानाच्या काचेत माझे पांढरे केस दिसले आणि रंगवावेत का असा विचार मनात आला. त्या विचाराची मला इतकी लाज वाटली की तो इथं लिहून टाकते, म्हणजे पुन्हा यायचा नाही.

झोया


२७ एप्रिल

अर्कादी,

शनिवारी आम्ही दोघी बंदरावर होतो. अग्नियानं नवं जाकीट घातलं होतं. बोट आली, नेहमीसारखी छतापर्यंत गाड्यांनी लादलेली, डेकवर सुटी बॉनेटं आणि अर्धवट सांगाडे दोरांनी बांधलेले. माणसं उतरली. गाडीवाले, त्यांच्या पिशव्या, एक गरोदर बाई, दोन जपानी म्हातारे. मग खलाशी. मग कुणी नाही. अग्निया म्हणाली, पासपोर्टच्या रांगेत अडकले असतील. आम्ही थांबलो. मग नादेज्दा खाली आली, हातात खोकं घेऊन, आणि माझ्याकडे न बघता ते तिला दिलं.

तुझी चिठ्ठी खोक्यावरच चिकटवलेली होती. महत्त्वाचा लिलाव निघाला, पुढच्या खेपेला नक्की, भिंतीला घाबरू नकोस. आत हेल्मेट होतं. चांगलं आहे ते, मी नाकारत नाही. तुला तिच्या डोक्याचं माप बरोबर माहीत आहे, हेही नाकारत नाही.

अग्नियानं ते बाहेर काढलं, उलटंसुलटं केलं. मग खोक्यात हात घालून तळ चाचपला. कागद बाजूला सारून पुन्हा चाचपला.

"आई," ती म्हणाली, "एकच आहे. बाबांचं नाही."

मी बोलले असते तर ते तुझ्याविरुद्धच झालं असतं, आणि तिला ते माझ्याकडून नको होतं. घरी आल्यावर ती तिच्या खोलीत गेली. रडली असं लिहिणार होते, पण मी बघितलं नाही, तेव्हा तसं म्हणता येत नाही. भाजी तशीच राहिली.

काल सकाळी ती स्वयंपाकघरात आली ती किल्ली हातात घेऊनच. एकटी जाते म्हणाली. मी वचनाची आठवण दिली. ती म्हणाली, वचन बाबांचं होतं, त्यांनी मोडलं, म्हणजे माझंही सुटलं. तर्क तुझा आहे, आवाज माझा. मी तिच्यावर ओरडले. तीही ओरडली. तिनं मला म्हटलं की तुला हवं तेच झालं, ते आले नाहीत, आता खूश हो. अर्कादी, मी खूश नव्हते. शनिवारी त्या धक्क्यावर मी मनातून तू उतरावास म्हणून किती आटापिटा करत होते, हे तुला कधीच कळणार नाही. मला हरायचं होतं.

मी कोट घातला आणि म्हटलं, डावीकडे मी बसते.

"तू? तुला तर बसमध्येही मळमळतं."

मळमळू दे, मी म्हटलं.

ट्रॅकवरच्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आजी कुठं चालल्या अशा नजरेनं, आणि एक उसनं हेल्मेट दिलं, घामट वासाचं, कानांवर घट्ट. आम्ही सरावाच्या रांगेत लागलो. पुढे चार गाड्या. एकेक गाडी सुटायची, आडवी व्हायची, धूर काढत भिंतीला घासून जायची. एकीचा मागचा कोपरा भिंतीला लागला, आवाज मोठा झाला, पण पोरगा हसत बाहेर आला. माझे पाय त्या गालिच्यावर होते. तो अजून ओला आहे.

पुढे दोन गाड्या उरल्या. मग एक. अग्नियानं काच वर केली, आपलं हेल्मेट नीट केलं, आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं.

"खरं सांग," ती म्हणाली. "तुटेल असं वाटतं तुला?"

हो म्हणायचा मोह झाला. फक्त हो म्हटलं असतं तर काम झालं असतं, आणि वीस वर्षांत तिला वाचवायला इतका छोटा शब्द मला कधी मिळाला नव्हता. पण मला ते माहीत नाही, अर्कादी. लिगायला माहीत नाही. ज्यानं जोडलं त्यालाही माहीत नसेल. आणि ज्या गोष्टीसाठी मी तीन महिने तुझ्या नावानं शंख करतेय, तीच मी त्या सीटवर बसून केली असती.

"माहीत नाही," मी म्हटलं. "टिकेलही."

"मग तू का बसलीस?"

"तू बसलीस म्हणून."

पुढची गाडी सुटली. झेंडेवाल्यानं आम्हाला पुढे यायची खूण केली. अग्नियाचा हात गिअरवर होता. तिनं भिंतीकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. माझे हात पट्ट्याला धरून होते. मला ते कळलंच नव्हतं. झेंडेवाल्यानं पुन्हा झेंडा हलवला. मागच्या पोरानं हॉर्न दिला आणि काच खाली करून काहीतरी ओरडला, आजीला घरी सोडून ये असंच काहीतरी.

तिनं गाडी रांगेतून बाहेर काढली.

हळू, अगदी हळू, गवतावरून, फाटकाबाहेर. शहरापर्यंत ती तिसाच्या वर गेली नाही. प्रत्येक खड्ड्याआधी थांबल्यासारखी व्हायची आणि मग एकेक चाक उतरवायची, जणू आत अंड्यांची टोपली ठेवलीय. मालट्रक शिव्या देत बाजूनं गेले. ज्या पोरीला दोन वर्षं कुणी हळू जायला सांगू शकलं नाही, ती एका बाईला डावीकडे बसवून घरापर्यंत अशी आली. आणि मला एवढंच आठवत होतं की तू उजवीकडे बसून तिला आणि मला त्याच रस्त्यानं कसा न्यायचास, एका हातात सिगारेट धरून, गाणं म्हणत.

दारात उतरल्यावर ती म्हणाली, "तुला घेऊन नाही जाता आलं मला." मग म्हणाली, "त्यांना कसं जमलं?"

तो प्रश्न मला नव्हता.

आज लिगाय येऊन दोन्ही गाड्या ओढून नेईल. पांढरीचं इंजिन चांगलं आहे, ते तो काढून ठेवणार आहे. पुढेमागे अख्खा सांगाडा मिळाला तर बघू. हेल्मेट परत पाठवत नाही. तिनं ते ठेवून घेतलंय, आणि ठेवायचं की नाही हे तिचं ती ठरवेल.

संध्याकाळी ती तुला फोन करणार आहे. काय विचारायचं ते मी तिला शिकवलेलं नाही, आणि ती बोलताना मी घरात नसेन. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर तो फोन येऊन गेला असेल. तू उचलला नसशील, तर आता तू कर.

झोया